विंडोज बदलल्यावर मेल जायला वेळ लागतो? आधी घड्याळ लावा

देवगडहून एका ताईंनी विचारलंय. हापूसचा व्यवसाय, घराला लागूनच ऑफिस, आणि हंगाम तोंडावर. प्रश्न असा: "विंडोज १० बंद होणार म्हणून ऑफिसचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेला. तेव्हापासून मेल येतात लगेच, पण जायला फार वेळ लागतो. नुसत्या दोन ओळी लिहिल्या तरी अर्धा मिनिट. बिल आणि पॅकिंग लिस्ट स्कॅन करून जोडली की पाच-सहा मिनिटं, कधीकधी मध्येच अडकतो. मोबाइलवरून मात्र त्याच वाय-फायवर पटकन जातो. मेलचा प्रोग्राम थंडरबर्ड काढून परत टाकला, काही फरक नाही. पुन्हा विंडोज १० टाकून घेऊ का?"

ताई, मागे जाऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवरून बँकेचं काम होतं, व्यापाऱ्यांची बिलं जातात, ते मशीन सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय ठेवणं बरोबर नाही. आणि तुमचं दुखणं विंडोज ११ चं नाहीच असं मला तुमच्या चार ओळींवरूनच वाटतंय. मी कणकवलीत वीसेक वर्षं हीच कामं करतो. अपग्रेडनंतर "मेल जाणा नाय ओ" म्हणून फोन आला की बहुतेक वेळा एकच दिसतं: अपग्रेडच्या वेळी जुन्या काही सेटिंग्ज पुसल्या जातात, काही नव्या आपोआप चालू होतात, आणि आधीपासून असलेला एखादा बारीक दोष उघडा पडतो.

थंडरबर्ड काढून परत टाकण्याची घाई तुम्ही केलीत, तशी सगळेच करतात. आता काहीही बदलण्याआधी घड्याळ लावा. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरेल. स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर तीन मेल पाठवा. एकात फक्त "नमस्कार". दुसऱ्याला साधारण १ एमबीची फाइल जोडलेली. तिसऱ्याला ८ एमबीची. प्रत्येक वेळी सेंड दाबल्यापासून पाठवण्याची खिडकी बंद होईपर्यंत किती सेकंद गेले ते वहीत लिहा. सकाळी एकदा करा आणि सगळं गाव घरी आलेलं असतं तेव्हा, संध्याकाळी सातनंतर, एकदा करा. हे सहा आकडे हातात असले की निम्मं निदान झालं.

कारण उशीर दोन जातीचा असतो. रेल्वेच्या फाटकात गाडी रिकामी असो की भरलेली, थांबावं तेवढंच लागतं. करूळ घाटात मात्र भरलेला ट्रक रडतखडत चढतो आणि रिकामा सुटून जातो. तीनही मेलना अर्ध्या मिनिटाचा सारखाच फटका बसत असेल तर कुठेतरी फाटक लागलंय, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसलंय. फाइल मोठी तसा वेळ वाढत असेल तर तो घाट: रस्ता अरुंद आहे, किंवा माल तुम्हाला वाटतो त्याहून जड आहे. तुमच्या प्रश्नात दोन ओळींच्या मेललाही अर्धा मिनिट आहे आणि जोडणीला पाच-सहा मिनिटं आहेत. म्हणजे तुमच्याकडे दोन्ही दुखणी एकत्र आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही. म्हणूनच एक उपाय करून "काही फरक नाही" असं वाटतं.

आधी फाटक बघू.

पहिला सवाल असा की येणाऱ्या मेलला हे फाटक का लागत नाही. मेल आणण्याचं काम ज्या आयमॅप पद्धतीने चालतं, त्यात थंडरबर्ड सकाळी उघडला की सर्व्हरशी एक जोडणी होते आणि ती दिवसभर उघडीच राहते. थांबायचं ते एकदाच, तेही तुम्ही चहा घेत असताना. पाठवताना मात्र एसएमटीपी नावाची वेगळी पद्धत चालते, वेगळा सर्व्हर असतो आणि जोडणी बहुधा दर वेळी नव्याने करावी लागते. दर मेलमागे पुन्हा तेच दार, पुन्हा तीच वाट. ब्राउझरला का लागत नाही, तेही सांगतो, कारण तिथेच खरी गोम आहे.

तुमचा कॉम्प्युटर मेल सर्व्हरचं नाव देऊन त्याचा पत्ता विचारतो. मोठ्या सर्व्हरचे आज दोन पत्ते मिळतात, एक जुन्या आयपीव्ही४ चा आणि एक नव्या आयपीव्ही६ चा. विंडोज सहसा आधी नवा पत्ता धरतो. आता राउटरने कॉम्प्युटरला आयपीव्ही६ दिलंय, पण पुढे लाइनवर कुठेतरी ते नीट चालत नाही, अशी स्थिती असेल तर कॉम्प्युटर दार ठोठावतो, थांबतो, पुन्हा ठोठावतो, आणखी थांबतो. साधारण वीस सेकंद गेल्यावर हार मानतो आणि मग जुन्या पत्त्यावर जातो. तिथे दार लगेच उघडतं. वीस सेकंद हे, आणि वरचे पाच-सात नेहमीचे. झाला तुमचा अर्धा मिनिट. ब्राउझर बनवणाऱ्यांनी यावर फार पूर्वी तोड काढली: दोन्ही दारं जवळजवळ एकदमच ठोठवायची आणि जे आधी उघडेल त्यातून आत जायचं. ही रीत २०१२ पासून इंटरनेटच्या मानकांत लिहिलेली आहे. मेलचे सगळे प्रोग्राम ती पाळतातच असं नाही. म्हणून "नेट तर मस्त चालतंय, मेलच जात नाही" असं दिसतं.

आणि अपग्रेडनंतरच हे का? कारण पूर्वी कधीतरी कुणा तंत्रज्ञाने आयपीव्ही६ ची खूण काढून ठेवलेली असते. अपग्रेडमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नव्याने बसतो आणि ती खूण परत येते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिलं तिथेच बघतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्सच्या पानावर जा, तुमच्या वाय-फाय किंवा केबलच्या चित्रावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. यादीत "इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६" ची ओळ आहे. तिची खूण काढा, ओके करा, थंडरबर्ड बंद करून उघडा आणि "नमस्कार" वाला मेल पुन्हा पाठवा. अठ्ठावीस सेकंदांचे पाच झाले तर गुन्हेगार सापडला. पण ही तपासणी आहे, कायमचा इलाज नाही. मायक्रोसॉफ्टही आयपीव्ही६ पूर्ण बंद करू नका असंच सांगतं. विंडोजचे काही भाग त्यावर चालतात. खरा इलाज राउटरमध्ये आहे: नेट पुरवणाऱ्याला सांगून तिथे आयपीव्ही६ नीट चालू करून घ्यायचं, किंवा तो देऊ शकत नसेल तर राउटरमध्येच बंद करायचं, म्हणजे घरातल्या कुठल्याच यंत्राला खोटा पत्ता मिळणार नाही. मग कॉम्प्युटरमधली खूण परत लावून टाका.

खूण काढूनही फरक पडला नाही तर दुसरा संशय अँटिव्हायरसवर. बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये मेल तपासणारा वेगळा पहारेकरी असतो. तो थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्या मध्ये उभा राहतो, जाणारा प्रत्येक मेल उघडून बघतो आणि मग पुढे सोडतो. अपग्रेडनंतर जुन्या आवृत्तीचा पहारेकरी अर्धवट काम करतो. कधी विंडोजचा स्वतःचा डिफेंडरही जागा होतो आणि दोघे एकाच फाइलवर बसतात. पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका. त्याच्या सेटिंगमधलं फक्त मेल तपासणीचं कलम दहा मिनिटं बंद करा, एक मेल पाठवा, वेळ बघा. फरक पडला तर नवी आवृत्ती टाका, किंवा त्या कंपनीच्याच काढण्याच्या साधनाने जुनी मुळापासून काढा. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवण्यापेक्षा एकटा डिफेंडर केव्हाही चांगला, हे माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता थंडरबर्डच्या आउटगोइंग सर्व्हरच्या पानावर पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा, आकडाही बघून घ्या. तिथे २५ असेल तर बदला. घरच्या आणि छोट्या ऑफिसच्या लाइनवर तो बऱ्याचदा अडवलेला असतो. ४६५ किंवा ५८७ हवा. २०१८ पासूनच्या मानकात ४६५ ला, म्हणजे पहिल्या शब्दापासून कुलूपबंद बोलणाऱ्या पोर्टला, पसंती आहे.

ज्यांच्या ऑफिसात स्वतःचा लिनक्स सर्व्हर मेल पाठवतो त्यांच्यासाठी एक वेगळी ओळ. तिथे सेंडमेल (मेल पाठवणारा प्रोग्राम) असेल आणि अपग्रेडने होस्ट्स फाइल (यंत्रांची नावं आणि पत्ते लिहिलेली) बदलली असेल, तर सेंडमेलला स्वतःचं पूर्ण नाव सापडत नाही आणि तो मिनिटभर झोपून पुन्हा प्रयत्न करतो. लॉगमध्ये तो तसं स्पष्ट लिहितोही. होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसकट पूर्ण नाव घातलं की झालं. ताईंना याची गरज नाही.

आता घाट. पाच-सहा मिनिटांचा हिशोब कागदावर करू.

समजा स्कॅन ८ एमबीचा आहे. मेलची पद्धत मूळ साध्या अक्षरांसाठी बनली. एसएमटीपीचा पहिला मसुदा १९८१ चा. त्यामुळे चित्र किंवा पीडीएफ पाठवताना ती अक्षरांत बदलावी लागते, आणि त्यात तीन बाइटचे चार होतात. ओळी तोडण्याचा थोडा भार धरून ८ चे साधारण ११ एमबी होतात. तुमच्या लाइनची वर चढवण्याची गती सेकंदाला १ मेगाबिट मिळत असेल, तर ११ एमबी म्हणजे ८८ मेगाबिट, म्हणजे ८८ सेकंद. दीड मिनिट झाला. पण खिडकी अजून बंद होत नाही. नीट बघा, खालची ओळ बदलते. आधी मेल पोचवतोय असं लिहिलेलं असतं, मग सेंट फोल्डरमध्ये प्रत ठेवतोय असं येतं. ही प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, सर्व्हरवरच्या सेंट फोल्डरमध्ये जाते. म्हणजे तेच ११ एमबी दुसऱ्यांदा त्याच घाटातून चढतात. तीन मिनिटं झाली. त्यात दुसरं कुणी लाइन वापरत असेल तर पाच-सहा व्हायला काहीच लागत नाही.

तुमचा पत्ता जीमेलचा असेल तर ही दुसरी फेरी बंद करता येते, कारण जीमेलचा सर्व्हर त्याच्यामार्फत गेलेल्या मेलची प्रत स्वतःच सेंटमध्ये ठेवतो. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये "कॉपीज अँड फोल्डर्स" या पानावर सर्वात वरची खूण काढायची, बस. पण स्वतःच्या डोमेनचा पत्ता एखाद्या होस्टिंगवाल्याकडे असेल तर आधी एक मेल पाठवून वेबवर सेंट फोल्डर तपासा. सर्व्हर प्रत ठेवत नसेल आणि तुम्ही खूण काढलीत, तर पाठवलेल्या बिलांचा पुरावाच राहणार नाही.

मोबाइल पटकन पाठवतो त्याचं कोडंही इथे सुटतं. फोनवरचं जीमेल ॲप एसएमटीपी वापरत नाही, ब्राउझरसारखं वेबच्या वाटेने जातं, प्रत दुसऱ्यांदा चढवत नाही आणि पाठवण्याचं काम मागे चालू ठेवून तुम्हाला लगेच मोकळं करतं. शिवाय फोनवरून तुम्ही कागदाचा फोटो पाठवता, कॉम्प्युटरवरून स्कॅन. म्हणून "मोबाइलवर जातो" एवढ्यावरून लाइन चांगली आणि विंडोज वाईट असा निवाडा करू नका.

आता स्कॅनबद्दल, कारण मला वाटतं तुमच्या घाटाचं मोठं कारण इथे आहे. अपग्रेडच्या आधीच्या एखाद्या बिलाची फाइल काढा आणि परवाच्या बिलाची काढा. शेजारी ठेवून दोन्हींचा आकार बघा. अपग्रेडनंतर स्कॅनरचा कंपनीचा प्रोग्राम चालेनासा होतो आणि माणूस विंडोजचाच साधा स्कॅन वापरू लागतो. जुन्या प्रोग्राममध्ये कुणीतरी कधीकाळी काळा-पांढरा आणि १५० डीपीआय (म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके) ठरवून दिलेलं असतं. नव्यात रंगीत आणि ३०० डीपीआय येतं. ए४ कागद ३०० डीपीआयवर २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचा होतो, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके. १५० वर ते १२४० बाय १७५४, बरोबर चौथाई. त्यातून फाइल बीएमपी म्हणून साठवली जात असेल तर ठिपके आवळलेही जात नाहीत, आणि एकच रंगीत पान २५ एमबीच्या घरात जातं. जीमेलची मर्यादाच २५ एमबीची आहे. पॅकिंग लिस्टला रंग लागत नाही. ग्रेस्केल, १५० किंवा शिक्का बारीक असेल तर २०० डीपीआय, आणि पीडीएफ. दहा पेट्यांची नावं आणि एक सही वाचायला एवढं पुरून उरतं.

मालवणात एका मासळीच्या ऑफिसमध्ये मी दोन दिवस घालवले होते ते आठवतं. तिथेही अपग्रेड झालेलं, मेल रेंगाळत होता. मी ड्रायव्हर बदलले, मेलचं खातं नव्याने बनवलं, राउटर बदलून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर (कुठला प्रोग्राम किती नेट वापरतो ते दाखवणारा) उघडून नेटवर्कच्या पानावर सेंडचा रकाना बघत बसलो. मेलचा प्रोग्राम बंद होता तरी आकडा खाली येत नव्हता. अपग्रेडच्या वेळी "तुमच्या फायली सुरक्षित ठेवू का" या प्रश्नाला कुणीतरी होकार दिला होता आणि होडीच्या, मासळीच्या, घरच्या लग्नाच्या हजारो फोटोंचा क्लाउडवर बॅकअप चालू होता. वर चढणारी सगळी वाट त्याने अडवली होती. उतरणारी वाट मोकळी, म्हणून मेल येत होते आणि व्हिडिओही दिसत होते. बॅकअप थांबवला आणि मेल गेला. तेव्हापासून मी सेंडचा रकाना बघितल्याशिवाय दुसरं काही उघडत नाही.

तुम्हीही बघा. टास्कबारवर उजव्या कोपऱ्यात वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा, ढग आहे का, आणि त्यावर फिरते बाण आहेत का? त्यावर क्लिक करून २, ८ किंवा २४ तासांसाठी सिंक थांबवता येतं. कामाच्या वेळेत थांबवा, रात्री चालू द्या. मोफत जागा ५ जीबीच असते, त्यामुळे डॉक्युमेंट्समधलं सगळं त्यात मावणारही नाही. बॅकअप कायमचा बंद करायचा झाला तर सावकाश करा: बंद केल्यावर डेस्कटॉपवरच्या फायली गायब झाल्यासारख्या वाटतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. घाबरून काही पुसू नका. आणि सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन इथे दुसऱ्या कॉम्प्युटरना अपडेट वाटण्याची सोय आहे. ती इंटरनेटवरच्या परक्या कॉम्प्युटरसाठी चालू असेल तर बंद करा. तुमच्या लाइनवरून तुम्ही कशाला जगाला अपडेट पोचवायचे.

सेंडचा रकाना शांत आहे, स्कॅन लहान केले, तरी मोठा मेल रेंगाळतो? मग वाय-फाय. कॉम्प्युटर उचलून राउटरपाशी न्या आणि एकदा केबलने जोडून मेल पाठवा. आपली घरं चिऱ्याची. जांभ्याची जाड भिंत वाय-फायला, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना, चांगलीच अडवते. २.४ गिगाहर्ट्झ त्यातून जास्त पार होतं. नवा ड्रायव्हर कधीकधी ५ ला चिकटतो, कारण कागदावर तो वेगवान. आणि राउटरचा आवाज मोठा, कॉम्प्युटरच्या छोट्या ॲन्टेनाचा लहान. म्हणून भिंतीपलीकडून राउटरचं बोलणं कॉम्प्युटरला ऐकू येतं, कॉम्प्युटरचं राउटरला नीट येत नाही. उतरतं छान, चढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर पसंतीचा बँड निवडता येतो, बहुतेक कार्डांना ती सोय असते. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी माझा सल्ला एकच: भिंतीला भोक पाडा आणि केबल ओढून घ्या. दोन-तीनशे पेट्यांचा हिशोब ज्या मशीनवर आहे ते वाय-फायच्या भरवशावर ठेवू नये.

केबलवरही स्पीड टेस्टमध्ये उतरण्याचा आकडा चांगला आणि चढण्याचा अगदीच मरतुकडा दिसत असेल, आणि दुसरा लॅपटॉप त्याच केबलवर ठीक असेल, तर त्याच ॲडव्हान्स्ड पानावर "लार्ज सेंड ऑफलोड" अशा एक-दोन ओळी असतात. त्या डिसेबल करून बघा. मोठ्या फाइलचे तुकडे करण्याचं काम विंडोज नेटवर्क कार्डाकडे सोपवतो, आणि ड्रायव्हर जुळला नाही की कार्ड ते बिघडवतं. त्याआधी कार्डाचा ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्याच्या साइटवरून घेऊन टाकला तर बहुधा हे करावंच लागत नाही.

तुम्ही "कधीकधी मध्येच अडकतो" असंही लिहिलंय. लहान मेल जातात, मोठा मेल एका जागी थिजतो आणि शेवटी चूक दाखवून परत येतो, असं असेल तर पाकिटाचं माप तपासा. इंटरनेटवर माल १५०० बाइटच्या पाकिटांत जातो. अनेक फायबर आणि जुन्या फोनच्या लाइनी पीपीपीओई पद्धतीच्या असतात. त्यात ८ बाइट पद्धतीलाच लागतात, उरतात १४९२. मोठं पाकीट आलं की वाटेतल्या यंत्राने "लहान कर" असा निरोप पाठवायचा असतो. तो निरोप कुठे अडवला गेला तर कॉम्प्युटर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून पिंग, डॅश एफ, डॅश एल, १४६४ आणि शेवटी एखाद्या मोठ्या साइटचं नाव द्या. एफ म्हणजे तुकडे करू नकोस, आणि १४६४ मध्ये मथळ्याचे २८ मिळवले की १४९२ होतात. उत्तर आलं तर एवढं पाकीट जातंय. नाही आलं तर आकडा दहा-दहाने कमी करत जा. उत्तर येईल तो आकडा अधिक २८ हे तुमच्या लाइनचं माप. ते राउटरच्या एमटीयूच्या (पाकिटाच्या कमाल मापाच्या) रकान्यात भरा, कॉम्प्युटरमध्ये नको, म्हणजे सगळ्यांनाच लागू होतं.

एक शक्यता अशी की खिडकी झटकन बंद होते, तरी वाशीचा व्यापारी फोन करून म्हणतो "मेल आला नाही". हा तुमच्या कॉम्प्युटरचा विषयच नाही. त्याला तो मेल मिळाल्यावर मूळ मथळा दाखवायला सांगा. जीमेलमध्ये "शो ओरिजिनल" आहे. त्यात रिसीव्हड शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात, प्रत्येक सर्व्हरने मारलेला पोस्टाचा शिक्काच. खालून वर वाचायच्या. सगळ्यात खालच्या ओळीत १०:४२:०७ आणि पुढे +०५३० असेल तर ती आपली वेळ. वरच्या ओळीत २२:१२ आणि −०७०० दिसलं तर दचकू नका, तो अमेरिकेतल्या सर्व्हरचा टाइम आहे. साडेबारा तास मिळवले की १०:४२ च होतात. ज्या दोन ओळींमध्ये पंधरा मिनिटांची उडी आहे तिथे मेल थांबला. समोरच्या सर्व्हरने अनोळखी पाठवणाऱ्याला "थोड्या वेळाने ये" म्हणून मुद्दाम परत पाठवलेलं असू शकतं. स्पॅमवाले सहसा परत येत नाहीत, खरे सर्व्हर येतात. त्या वेळी विंडोजमध्ये काहीही खटपट करण्यात अर्थ नसतो.

तुमच्यापुरता क्रम असा धरा: आज सहाही मेलना लागलेला वेळ नोंदवा, आयपीव्ही६ ची खूण काढून "नमस्कार" पाठवा, मग दोन स्कॅनचे आकार बघा, मग सेंडचा रकाना. यातल्या पहिल्या तीनांतच तुमचं काम होईल असा माझा अंदाज आहे. एका वेळी एकच बदल करा आणि दर बदलानंतर तेच तीन मेल पाठवून आकडे लिहा. दोन बदल एकदम केलेत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या अपग्रेडला पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आणि मे महिन्यातले वळीव सुरू होण्याआधी राउटर आणि फायबरच्या डबीला एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावून घ्या (व्होल्टेज दोन्हींच्या ॲडॅप्टरवर लिहिलेलं असतं, जुळवून घ्या). कॉम्प्युटरला यूपीएस असतो, राउटरला नसतो. लाइट पापणी लवण्याएवढी गेली तरी राउटर परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. आणि मेल अर्ध्यावर तुटला तर तिथून पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्या बाइटपासून चढतो. सगळा मजकूर पोचून सर्व्हरची पोच यायच्या आत लाइन तुटली तर थंडरबर्डला वाटतं गेलाच नाही, आणि दुसऱ्यांदा पाठवला की व्यापाऱ्याकडे तेच बिल दोनदा पडतं. हंगामात अशा दुहेरी बिलाने काय गोंधळ होतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. असं तुटल्यावर परत पाठवण्याआधी त्याला एक फोन करा.